बुजलेल्या तळ्याचे पान : एका निवृत्त शिक्षिकेने स्वतःची वेबपाने कशी उभी केली

पार्श्वभूमी

कोल्हापुरात मी संध्याकाळी संगणकाचा एक छोटा वर्ग घेतो. तेथे येणारे बहुतेक जण नोकरीसाठी टंकलेखन किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकायला येतात. स्वतःची वेबपाने लिहायची आहेत असे सांगत कोणी येणे दुर्मीळच. मे 2023 मध्ये एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका नेमक्या याच कामासाठी आल्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत आणि वर्गात सगळे म्हणत तसाच त्यांचा उल्लेख ‘बाई’ असा केला आहे.

बाईंच्या दिवंगत पतींनी शहरातील तळी, विहिरी आणि पाणवठे यांच्यावर 104 पानांची एक पुस्तिका लिहून स्वखर्चाने छापली होती. विषय कोल्हापूरकरांच्या जवळचा आहे. रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी आजही डोळ्यांसमोर आहेत. पण वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे, कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आहे, आणि ज्या पाण्यावरून ही नावे पडली ते पाणी पाहिलेला माणूस आता भेटत नाही. लेखकाने जुन्या नकाशांवरून, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरून आणि स्वतःच्या पायपिटीतून ही माहिती जमवली होती.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात बाईंच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला आणि तेथे ठेवलेले पुस्तिकेचे गठ्ठे भिजून गेले. दोन गोष्टी वाचल्या. एक म्हणजे वरच्या मजल्यावरच्या कपाटातील लेखकाची स्वतःची प्रत, जिच्या समासात त्यांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी पेन्सिलीने दुरुस्त्या लिहून ठेवल्या होत्या. दुसरी म्हणजे छापखान्याने दिलेली एक सीडी.

अडचण

बाईंना मोबाइलवर मराठी लिहिता येत होते आणि ईमेल पाठवता येत असे. वेबपान कशाचे बनते, ते कोठे राहते, याची त्यांना कल्पना नव्हती. ही उणीव काही आठवड्यांत भरून निघणारी होती. खरी अडचण सीडीत होती.

सीडीवर पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधील फाइली होत्या. छापखाना बंद झाला होता. ओळखीच्या एका डीटीपी ऑपरेटरकडे जुने पेजमेकर अजून चालू होते म्हणून त्याने फाइली उघडून त्यांतील मजकूर बाहेर काढून दिला. तो आमच्या संगणकावर उघडला तेव्हा पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, चिन्हे आणि आकडे यांची सरमिसळ ओळींमागून ओळी दिसत होती. पुस्तिका ज्या काळात छापली गेली त्या काळी आपल्याकडच्या डीटीपीत असे फॉन्ट सर्रास वापरले जात, ज्यांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असे आणि त्याच्या जागी केवळ देवनागरीचा आकार काढला जाई. तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही, आणि तो असला तरी शोधयंत्राला त्यातले ‘रंकाळा’ कधीच सापडत नाही.

बाई थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हे सगळं आत आहे, पण आपल्याला वाचता येत नाही.” पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका वाक्यापाशी येऊन ठरले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बाईंच्या मुलाने सुचवला होता: वाचलेल्या प्रतीची पाने स्कॅन करून पीडीएफ ठेवून द्यावे. हे काम एका दिवसात झाले असते. परंतु स्कॅन म्हणजे पानाचे चित्र असते. मोबाइलवर ते बोटांनी मोठे करून, डावी-उजवीकडे सरकवत वाचावे लागते, आणि समासातील दुरुस्त्या मूळ मजकुरात घेता येत नाहीत. फेसबुकवर रोज एक तळे लिहावे, अशी सूचना भाच्याने केली. वाचक लगेच मिळाले असते. पण महिन्याभराने आधीचे लेखन खाली गेले की ते शोधून वाचणार कोण, असा प्रश्न बाईंनीच काढला.

पैसे देऊन कोणाकडून वेबसाइट करून घेणे हा तिसरा पर्याय होता आणि त्यासाठी दोन ठिकाणी चौकशीही झाली. तेथे बाईंनी विचारलेला प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला विचारू लागलो: “उद्या त्यात चूक सापडली, तर मला स्वतःला बदलता येईल का?” दोन्हीकडे उत्तर एकच आले. चूक कळवायची, ते बदलून देतील, त्याचे वेगळे पैसे पडतील.

चौथा पर्याय वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरचा होता आणि प्रारंभी माझा कल तिकडेच होता. त्यात लिहिणे सोपे असते आणि दुरुस्ती स्वतः करता येते, म्हणजे बाईंच्या प्रश्नाला ते उतरते. तरी मी तो आग्रह सोडला, त्याचे कारण ती सीडी. वर्डप्रेसमधील मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, मूळ सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअरे (प्लगइन) वेळोवेळी अद्ययावत करावी लागतात, इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या जागेचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. यांपैकी एक गोष्ट राहून गेली, तर मजकूर पुन्हा एकदा अशा जागी अडकतो जेथून तो काढायला जाणकार माणूस शोधावा लागेल.

म्हणून पाचवा पर्याय निवडला: साध्या एचटीएमएल फाइली, नोटपॅडमध्ये, हाताने लिहिलेल्या. एचटीएमएलची फाइल म्हणजे साधा मजकूर आणि त्यात ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘हा दुवा’ असे सांगणाऱ्या खुणा. ती कोणत्याही संगणकावर उघडते आणि पेनड्राइव्हवर मावते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत ही पद्धत घडवली, आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य वापरण्यासाठी खुले केले. त्या सुमाराची साधी पाने आजचे ब्राउझरही दाखवतात. पेजमेकरच्या फाइलीविषयी हे म्हणता आले नसते. हा मार्ग शिकायला अधिक वेळ घेतो, हे मी बाईंना आधीच सांगितले. त्यांनी चाळीस मिनिटांचे दोन तास आठवड्यातून तीनदा द्यायचे कबूल केले आणि ते पाळले.

पहिले पान

पहिल्या पानासाठी बाईंनी वरुणतीर्थ निवडले. पुस्तिकेत त्यावर दीड पानच होते, आणि गांधी मैदानावर पावसाचे पाणी साचलेले पाहिले की पतींना हटकून ते तळे आठवे, असे त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी फाइल ब्राउझरमध्ये पान म्हणून उघडेचना. विंडोज फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग लपवते आणि नोटपॅड आपल्या बाजूने ‘डॉट टीएक्सटी’ जोडते. त्यामुळे आम्हाला दिसणारे नाव बरोबर होते आणि खरे नाव चुकीचे. साठवताना ‘सर्व फाइली’ हा पर्याय निवडायचा आणि विंडोजला पूर्ण नावे दाखवायला सांगायचे, हा धडा आता मी पहिल्याच तासाला देतो.

खुणांची जोडी बाईंना चटकन समजली. अवतरणचिन्ह उघडले की मिटावे लागते, हे त्यांनी तीस वर्षे मुलांना शिकवले होते. त्या अडल्या त्या वेगळ्याच ठिकाणी. नोटपॅडमध्ये त्यांनी परिच्छेदांमध्ये ओळी सोडल्या होत्या, पण ब्राउझरने सगळे एका गठ्ठ्यात दाखवले. मजकुराची दिसण्याची रचना आणि मजकुराची रचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ओळ सोडल्याने परिच्छेद होत नाही, परिच्छेद आहे असे सांगावे लागते, हे मनात बसायला एक आठवडा गेला. तो मी घाईने उरकला नाही, कारण हे समजले की बाकीचे एचटीएमएल आपोआप सुटे होत जाते.

मराठी पानासाठी सुरुवातीच्या तीन ओळींवर मी अडून बसलो. पहिली, मजकूर यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, आहे असे सांगणारी. ती नसेल तर काही वेळा ‘कोल्हापूर’च्या जागी डोक्यावर तिरप्या रेघा असलेली परकी अक्षरे दिसतात, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे साठवणीच्या तीन एककांचे, असते आणि ब्राउझर ती तीन सुटी अक्षरे समजतो. दुसरी, पानाची भाषा मराठी आहे असे सांगणारी. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ही ओळ असली तरच उमटतात, एरवी हिंदी वळणाचे येतात. तिसरी, पान मोबाइलच्या रुंदीत बसवणारी. ती नसल्याने पहिल्या दिवशी बाईंच्या फोनवर अक्षरे मुंगीएवढी दिसली होती.

सजावट आम्ही फार थोडी केली. ओळींमधले अंतर अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट ठेवले, कारण वर वेलांट्या आणि खाली उकार असलेल्या लिपीला रोमनपेक्षा अधिक मोकळी जागा लागते. बाईंना शीर्षकातील अक्षरे पसरट हवी होती. मी ती करून दाखवली आणि शिरोरेखेचे तुकडे पडलेले पाहून त्यांनी स्वतःच ती ओळ खोडली.

मजकुराचे रूपांतर

या प्रकरणातला सर्वांत मोठा वेळ येथे गेला. सीडीतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणण्याचे तीन मार्ग होते: रूपांतर करणारे सॉफ्टवेअर वापरणे, वाचलेली प्रत स्कॅन करून संगणकाकडून अक्षरे ओळखून घेणे, किंवा सगळे पुन्हा टाइप करणे. तीच दोन पाने तिन्ही मार्गांनी करून पाहायची आणि मग ठरवायचे, असा निर्णय आम्ही घेतला. तो योग्य होता.

पहिल्या रूपांतरकाने ‘कपिलतीर्थ’चे ‘किपलतीथर्’ केले. जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘पि’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘प’च्या आधी दिसते म्हणून ती आधी, आणि रफार ‘थ’च्या डोक्यावर असतो म्हणून तो ‘थ’नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: आधी ‘प’ मग वेलांटी, आधी ‘र्’ मग ‘थ’. ज्या पुस्तिकेत पानापानावर तीर्थ आहे, तिच्यासाठी असा रूपांतरक कुचकामी होता. दुसऱ्याने एवढे सावरले, पण जोडाक्षरांवर तो अडखळला आणि ‘स्थिती’चे ‘सि्थती’ झाले. स्कॅनवरून ओळखलेला मजकूर बरा होता, मात्र पुराची ओल लागलेल्या पानांवर तो कोसळला. शेवटी दुसरा रूपांतरक आणि त्यावर बाईंचे ओळीगणिक मुद्रितशोधन असे ठरले.

येथे दोन चुका झाल्या आणि दोन्ही सांगण्यासारख्या आहेत. काही प्रकरणे आधीच पहिल्या रूपांतरकातून काढलेली होती. त्यांतील ‘तीथर्’ दुरुस्त करण्यासाठी बाईंनी ‘थर्’ शोधून सर्वत्र ‘र्थ’ घातले. तीर्थे सुधारली, पण रंकाळ्यातील गणेशविसर्जनाच्या प्रकरणात ‘थर्माकोल’चे ‘र्थमाकोल’ झाले. ‘सर्व बदला’ हे बटण मी त्यांना दाखवले होते. फाइलीची प्रत काढून ठेवल्याशिवाय ते वापरू नये हे सांगितले नव्हते. त्यानंतर आम्ही पूर्ण शब्दच शोधायचा आणि एकेक ठिकाण पाहून बदलायचा नियम केला.

दुसरी चूक दिसतच नव्हती. विहिरींच्या पुस्तिकेत ‘पायऱ्या’ हा शब्द अनेक वेळा येणारच. बाईंनी तो शोधला तेव्हा निम्म्याच जागा सापडल्या. बाकीच्या डोळ्यांना दिसत होत्या, शोधाला नाही. आपल्या अर्ध्या ‘ऱ्’ला युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण शोधताना ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. रूपांतरकाने एक रीत वापरली होती आणि बाईंच्या कीबोर्डने दुसरी. सगळीकडे पहिली रीत करायला दोन संध्याकाळी लागल्या. कोणी ‘रंकाळ्याच्या पायऱ्या’ असे शोधले, तर त्याला हे पान सापडावे, एवढ्यासाठी हे काम होते आणि मला ते अजूनही मोलाचे वाटते.

समासातील पेन्सिलीच्या दुरुस्त्यांविषयी बाई दोन दिवस विचार करीत होत्या. शेवटी त्यांनी सगळ्या दुरुस्त्या मजकुरात घेतल्या आणि जेथे लेखकाने मूळ विधानच बदलले होते तेथे खाली ‘छापील आवृत्तीत निराळे होते’ अशी टीप दिली.

छायाचित्रे आणि हक्क

पुस्तिकेचे लेखक हयात नाहीत. भारतीय कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे वारसांकडे राहतो. त्यामुळे बाईंनी दोन्ही मुलांची लेखी संमती घेतली. छायाचित्रांचे तसे नव्हते. त्यांतील काही दुसऱ्यांनी काढलेली होती आणि त्यांची नावेही छापलेली नव्हती. ती वगळून बाईंनी स्वतः फिरून नवी छायाचित्रे काढली. रंकाळ्यातला संध्यामठ, म्हणजे पाण्यातली जुनी दगडी वास्तू, त्यांनी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असा दोनदा घेतला, आणि पाण्याच्या पातळीतला फरक त्या जोडीत जितका कळतो तितका परिच्छेदात कळत नाही.

फोनमधील प्रत्येक छायाचित्र सुमारे 4000 पिक्सेल रुंद आणि चार एमबींचे होते. रुंदी 1200 पिक्सेलवर आणल्यावर ते 200 केबींच्या आसपास आले. आणखी एक गोष्ट येथे आडवी आली: बाईंच्या संगणकावर दिसणारी छायाचित्रे पाने इंटरनेटवर चढवल्यानंतर दिसेनाशी झाली. फोनने नावाच्या शेवटी मोठी रोमन अक्षरे ठेवली होती, पानात ती लहान लिहिली होती. विंडोजला दोन्ही सारखीच, पण इंटरनेटवर पाने ठेवणारे बहुतेक संगणक (सर्व्हर) लिनक्स या प्रणालीवर चालतात आणि तेथे ती दोन वेगळी नावे असतात. सगळी नावे लहान रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहायची, हे त्या दिवसापासून ठरले.

पाने कोठे ठेवायची

साध्या फाइली विनामूल्य ठेवू देणाऱ्या सेवांपैकी आम्ही गिटहब पेजेस घेतली. तिचा पडदा इंग्रजीत असल्याने मी साशंक होतो, परंतु लागणारी बटणे तीन-चारच आहेत आणि बाईंनी ती वहीत चित्र काढून लिहून ठेवली. फाइल ब्राउझरमध्येच उघडून दुरुस्त करता येते आणि आधीची प्रत्येक आवृत्ती जपली जाते, हे त्या सेवेच्या बाजूने होते. देवनागरीत ‘.भारत’ने संपणारा पत्ता घ्यावा, असा बाईंचा विचार होता; पण असा पत्ता संदेशात चिकटवला की काही ठिकाणी तो रोमन अक्षरांची अगम्य ओळ होऊन जातो, हे पाहिल्यावर पहिल्या वर्षी विकतचा पत्ता घ्यायचाच नाही असे ठरले.

निष्पत्ती

ऑक्टोबर 2023 मध्ये पहिली पाने खुली झाली आणि जानेवारी 2024 पर्यंत संपूर्ण पुस्तिका 31 पानांत उभी राहिली. छापील पुस्तिकेत नसलेली एक गोष्ट त्यांत आहे: दुवे. कपिलतीर्थाच्या पानावरून बुजलेल्या इतर तळ्यांकडे जाता येते, रंकाळ्याच्या पानावरून संध्यामठाकडे. कोणते पान कोणाला जोडायचे याचा आराखडा बाईंनी शाळेतल्यासारखा पाठकोऱ्या कागदांवर काढून भिंतीला लावला होता.

वाचकसंख्या मोजण्याची सोय आम्ही ठेवली नाही, त्यामुळे त्याविषयी काही सांगता येत नाही. पत्रे मात्र आली. एका वाचकाने कळवले की पुस्तिकेत जिच्यात पाणी असल्याचे लिहिले आहे ती एक विहीर आता बुजवली आहे. बाई रिक्षाने जाऊन ती जागा पाहून आल्या. त्यानंतर त्यांनी पानावरच्या ‘आहे’चे ‘होती’ केले आणि पाहिल्याची तारीख खाली घातली. हे मला आठवडाभराने, बदलांची यादी चाळताना कळले. त्यांनी मला विचारले नव्हते आणि विचारण्याची गरजही नव्हती.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक क्रमाची होती आणि ती माझी होती. वरुणतीर्थाचे पान जूनमध्येच तयार होते. तरीही सगळा मजकूर शुद्ध झाल्यावर एकदमच खुले करू, असे मी म्हटले आणि चार महिने ते बाईंच्या संगणकातच राहिले. ते तेव्हाच वर चढवले असते, तर मोठ्या-लहान अक्षरांची अडचण एका छायाचित्रावर निभावली असती. पुढे ती 40 छायाचित्रांची नावे बदलून निस्तरावी लागली. शिवाय त्या मधल्या काळात बाई दोनदा काम सोडून देण्याच्या बेतात आल्या होत्या. नुसते मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला आपले एक तरी पान दुसऱ्याच्या फोनवर उघडलेले पाहायला मिळणे किती आवश्यक असते, हे मी जोखले नाही.

‘पायऱ्या’सारख्या शब्दांची तपासणी मजकूर पानांत विभागण्यापूर्वी करायला हवी होती. एका फाइलीत जे एकदा करावे लागले असते ते 31 फाइलींत करावे लागले.

खाते उघडताना मी सोयीसाठी स्वतःचा फोन नंबर दिला, हेही चुकले. सप्टेंबरमध्ये मी परगावी होतो आणि प्रवेशाचा सांकेतिक क्रमांक माझ्याकडे येत असल्याने नऊ दिवस बाईंना खात्यात शिरता आले नाही. ज्यांना आपली चूक आपणच सुधारायची होती त्यांच्या घराची किल्ली मी माझ्या खिशात ठेवली होती. आता खाते बाईंच्या नावावर आहे, आणीबाणीचे सांकेतिक क्रमांक कागदावर उतरवून वरच्या मजल्यावरच्या त्याच कपाटात पेन्सिलीच्या दुरुस्त्या असलेल्या प्रतीशेजारी ठेवले आहेत, आणि सगळ्या फाइलींची एक प्रत दर तीन महिन्यांनी पुण्याला मुलाकडे जाते. छायाचित्रांचे शब्दांतील वर्णन, जे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला लागते, ते अजून निम्म्या छायाचित्रांना द्यायचे राहिले आहे. बाई ते सध्या कोटितीर्थापासून लिहीत आहेत.